रपटा वाहून गेला अन् आठवडाभर शाळा घरीच भरली

पऱ्हाटी
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथं मी नेहमी वाचतेच, पण एवढं लांब पहिल्यांदाच लिहून राहिले. पोरं झोपली, पाऊसही थांबला, म्हटलं आज लिहूनच काढावं.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. आमची वस्ती नाल्याच्या अलीकडं, शाळा अन् अंगणवाडी पलीकडं. गेल्या रविवारी रात्रभर पाणी झालं. सकाळी पाहतो तर नाल्यावरच्या रपट्याची, म्हणजे बुटक्या पुलाची, एक बाजू पार वाहून गेलेली, अन् उरलेल्यावरून गुडघाभर गढूळ पाणी. मॅडमचा फोन आला, "लेकरांना पाठवू नका, आठवडाभर घरीच बघा." घरात थोरला चौथीत, धाकटी दुसरीत, अन् जाऊबाईंचा चार वर्षांचा अंगणवाडीतला. तिघंही माझ्या पदरात. शेतात पाणी साचलेलं, त्यामुळं निंदण-डवरणही बंद. म्हटलं, चला, आपणच शिकवू.

सोमवारी मी शाळेसारखीच शाळा भरवली. साडेदहाला ताट वाजवून घंटा, प्रार्थना, मग मराठी, गणित, परिसर अभ्यास, अर्ध्या अर्ध्या तासाचे तास. धाकटीला सांगितलं, आपल्या बकरीवर पाच ओळी लिही. तिला वाचायला जड जातं. एकेक अक्षर सुटं सुटं वाचते, शब्द पूर्ण होईपर्यंत पहिलं अक्षर विसरलेली असते. लिहायला मात्र बसली. पहिलीच ओळ लिहिली, "आमच्या बकरीले दोन पिल्लं झाले." मी लाल पेनानं "ले" भोवती गोल केला अन् वर "ला" लिहिलं.

तिनं त्या गोलाकडं पाहिलं. काही बोलली नाही. वही मिटली अन् गादीखाली सरकवली. मंगळवारी पेन्सिल हातातच घेईना. "मले नाही येत," एवढंच.

मी बी.ए. झालेली. अमरावतीला कॉलेजात होते तेव्हा तोंडातून "मले" निघालं की जीभ चावायची, पोरी हसायच्या. घरी येऊन आरशासमोर "मला, मला" घोकलेलं मला आठवते. तीच लाज मी सात वर्षांच्या लेकीच्या वहीत लाल शाईनं काढून ठेवली होती. मंगळवारच्या रात्री मला झोप लागली नाही.

बुधवारी घंटा वाजवलीच नाही. आजीनं बांधावरून तरोट्याचा, म्हणजे पावसाळी रानभाजीचा, कोवळा पाला खुडून आणला होता. आम्ही तिघी ओसरीत सूप घेऊन निवडत बसलो. धाकटीचे हात चालू अन् तोंडही चालू. बकरीची सारी हकीकत सुरू झाली. मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं केलं अन् ती बोलेल तसं, तिच्याच शब्दांत, स्केचपेननं मोठ्या अक्षरात उतरवत गेले:

"आमच्या बकरीले दोन पिल्लं झाले. एक कायं हाये, एक बांडं हाये. बांडं मले पाहून पयते. थंडी लागते मनून आजीनं त्याले पोत्यात गुंडाळलं."

मग पान तिच्यासमोर धरलं. तिनं शब्दाखाली बोट ठेवलं अन् वाचायला लागली. तरोट्याचा हिरवा डाग कागदावर उमटत गेला, मी हात झटकायला सांगितलं नाही. "बकरीले" एका दमात. "पिल्लं" एका दमात. "मले" वर बोट थांबलं.

"आई, तू मले लिहिलं?"

"हो."

"लाल नाही करत?"

"नाही करत."

मग "पयते" तर तिनं पाहिल्याबरोबर म्हटलं. पुढं काय येणार हे तिला ठाऊकच होतं, तिचंच तर वाक्य. त्या दिवशी ते पान तिनं तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा आबाजींना वाचून दाखवलं. आबाजी दुसरीतून शाळा सोडलेले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला अन् मान खाली घालून पूर्ण ऐकलं.

गुरुवारी मी त्याच पानाच्या बाजूला दुसरं पान लावलं, त्यावर तेच चार वाक्य पुस्तकाच्या भाषेत. तिला म्हटलं, "हे पुस्तक बोलते तसं. दोन्हीत काय काय वेगळं आहे, शोध." पाऊण तास ती जागची हलली नाही. जोड्या काढल्या: बकरीले–बकरीला, मले–मला, त्याले–त्याला. मग स्वतःच म्हणते, "ज्याच्या मांगं आपलं ले हाये, त्याच्या मांगं पुस्तकात ला हाये." थोरला तिची परीक्षा घ्यायला म्हणाला, "अन् पक्षी उडून गेले, त्यातलं ले?" ती गप्प झाली. मला वाटलं, अडली. थोड्या वेळानं म्हणाली, "थे वेगळं ले हाये. थे कोणाले काही देत नाही."

मंडळी, विभक्ती मी आठवीत पाठ केली होती. द्वितीया-चतुर्थी म्हणजे नेमकं काय, हे मला त्या ओसरीत समजलं.

त्यानंतर कायं–काळं, पयते–पळते, डोया–डोळा. ती घरभर "य" शोधत फिरत होती.

थोरल्याचा आठवडा पावसात गेला. सरळ कडांचा स्टीलचा डबा अंगणात ठेवला, रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून उंची मोजायची अन् भिंतीवर कोळशानं लिहायची. मंगळवारी ३१ मिमी, बुधवारी ९, गुरुवारी कोरडं, शुक्रवारी ४४. त्याला वाटत होतं मोठ्या भांड्यात जास्त भरेल, म्हणून गुरुवारी रात्री मोठं गंज शेजारी ठेवलं. सकाळी दोन्हीत उंची सारखीच निघाली. पट्टी चार वेळा बुडवून पाहिली त्यानं. मी उत्तर सांगितलं नाही, संध्याकाळी त्यानंच येऊन सांगितलं: "मोठ्याचं तोंडही मोठं हाये, म्हणून पडते जास्त, पण पसरतेही जास्त."

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. शुक्रवारी दोन वाट्या चुलीवर ठेवल्या, एकीत पावसाचं पाणी, एकीत बोअरचं. मी जवळ बसून आटवलं. बोअरच्या वाटीत पांढरा थर राहिला, दुसरी जवळपास स्वच्छ. लहानग्यानं बोटानं चाटून तोंड वाकडं केलं. आजी म्हणाली, याच्यासाठीच डाळ शिजत नाही या पाण्यात. पोरांनी दोन्ही पाण्यात मूठ मूठ तूरडाळ शिजवायला लावली अन् ते खरं करून पाहिलं.

गणित धान्याच्या मापावर केलं. आमच्या घरच्या पायलीत चार शेर बसतात, तिथून चारचा पाढा निघाला. इंग्रजीला हात लागला नाही. सातचा पाढा अजून कच्चा आहे. खरं सांगायचं तर रोज बसून असा अभ्यास दीड-दोन तासांच्या वर झालाच नाही.

आता माझा प्रश्न, विशेषतः शिक्षक मंडळींना. उद्या-परवा रपटा दुरुस्त होईल, शाळा सुरू होईल. घरी मी तिला असंच वऱ्हाडीत लिहू देऊ का? की यानं परीक्षेत तिचं नुकसान होईल? मला खरंच समजून घ्यायचं आहे.


डवरा
रविवार, रात्री १०:१५

ताई, डब्याचा प्रयोग फार आवडला. साडेआठची वेळ तुम्ही बरोबर धरली, हवामान खातंही सकाळी साडेआठलाच मोजते. थोरल्याला एक सांगा, १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. आपल्या टिनाच्या छपरावर शुक्रवारी किती लिटर पडलं ते त्याला काढू द्या. अन् महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात, पंचनामे त्यावर ठरतात. आमच्याकडं हा आकडा लहान लेकरालाही पाठ असतो, पण ६५ मिमी म्हणजे डब्यात किती हे मोठ्यांनीही कधी पाहिलेलं नसते.


गुर्जी_दुशिक्षकी
रविवार, रात्री ११:०५

ताई, मी जिल्हा परिषद शाळेवर १९ वर्षांपासून आहे, सगळी नोकरी वऱ्हाडातच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: लिहू द्या. अगदी निर्धास्त लिहू द्या.

लेकरू शाळेत येते तेव्हा भाषा घेऊनच येते. वाचायला शिकताना त्याला दोन कामं एकदम करावी लागतात: अक्षरांचा आवाज जुळवायचा अन् त्या आवाजातून अर्थ काढायचा. शब्द ओळखीचा असला की दुसरं काम आपोआप होते. "पयते" तिनं एका दमात वाचलं ते त्यामुळंच. "पळते" तिनं कानानं कमी ऐकलेलं, म्हणून तिथं ती अक्षरं मोजत बसते. वाचता येत नाही म्हणून मागं पडलेली निम्मी लेकरं मला अशीच भेटली. घरची बोली वर्गात आली की मोकळी होतात.

हे काही माझंच मत नाही. शिक्षणाचा हक्क कायदा, २००९, त्याच्या कलम २९ मध्ये शिकवण्याचं माध्यम शक्यतो बालकाची मातृभाषा असावं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. संविधानाच्या ३५० क अनुच्छेदातही भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांसाठी प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगितलं आहे. आता मराठी माध्यम म्हणजे मातृभाषा झालीच, असं आपण धरून चालतो. वऱ्हाडातल्या, मेळघाटातल्या लेकराला विचारा.

करायचं काय, ते सांगतो. तुम्ही दोन पानं शेजारी लावली, तेच धरून ठेवा. एकीकडं "आपलं", एकीकडं "पुस्तकाचं". एक चूक अन् दुसरं बरोबर असं कधी म्हणू नका, घरचं अन् पुस्तकाचं असं म्हणा. लिहून झाल्यावर एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करा. आज वेलांटी पाहायची तर फक्त वेलांटी. परीक्षेची काळजी चौथीच्या आधी करू नका. जोड्या लावायची सवय झालेलं लेकरू पुस्तकाची भाषा पटकन उचलते, कारण फरक कुठं आहे हे त्याला दिसते. ज्याला फरक दिसलाच नाही ते दहावीतही "मले" लिहून जाते, अन् का चुकलं ते त्याला समजत नाही.

अन् एक. मराठी गद्याची सुरुवात ज्या रिद्धपूरला झाली ते आपल्याच जिल्ह्यात आहे. महानुभावांनी तिथं लोकांच्या बोलण्यातली मराठी लिहिली. आता मराठी भाषा विद्यापीठही तिथंच झालं. तुमच्या लेकीला एकदा दाखवून आणा.


नागपूरची_माहेरवाशीण
सोमवार, सकाळी ७:३०

ताई, तुमचं लिखाण वाचून डोळ्यांत पाणी आलं, पण मी थोडं वेगळं बोलणार आहे. माझा मुलगा सहावीत नवोदयला लागला, तिथून पुढं पुण्यात. पहिल्या वर्षी त्याच्या बोलण्यावर पोरं हसायची, तो फोनवर रडायचा. गुर्जी म्हणतात ते वर्गापुरतं खरं असेल, पण बाहेरचं जग लेकराला दोन पानं शेजारी लावून दाखवत नाही. शिष्यवृत्ती, नवोदय, पुढच्या मुलाखती, सगळीकडं एकच भाषा चालते. ती जितक्या लवकर तोंडात बसेल तितकं बरं, असं मला आईच्या जिवानं वाटते.


पऱ्हाटी
सोमवार, सकाळी ८:५०

माहेरवाशीण ताई, तुमची काळजी खोटी नाही. मीही आरशासमोर उभी राहिलेली आहे. पण मला काय झालं ते सांगते. मी "मला" शिकले, अन् त्यासोबत गप्प राहायलाही शिकले. कॉलेजात तीन वर्षं मी वर्गात हात वर केला नाही. भाषा शुद्ध झाली, बोलणंच बंद पडलं. धाकटीनं दोन्ही शिकावं, पण बोलणं बंद पडू नये, एवढंच मला पाहिजे. तुमच्या मुलाचं आता कसं आहे? बोलतो ना मोकळा?


नागपूरची_माहेरवाशीण
सोमवार, सकाळी ९:२०

पुण्यात पुण्याचं बोलतो. घरी आला की आजीसोबत वऱ्हाडी. मागच्या दिवाळीत मित्राला घेऊन आला, त्याच्यासमोरही आजीसोबत तसाच बोलला. तुम्ही विचारलं म्हणून आत्ता लक्षात आलं, रडायचा थांबला तो तेव्हापासूनच.


वर्धेकर
सोमवार, दुपारी १:१०

तरोटा निवडता निवडता लेकरू वाचायला लागलं, हे वाचून नई तालीम आठवली. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली होती, गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना तिथं मांडली. त्यांनी कापूस अन् टकली, म्हणजे सूत कातायची छोटी चाती, घेतली. सुताची लांबी मोजताना गणित, कापूस कुठून आला विचारताना भूगोल. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा आजही त्याच वाटेनं चालते, जमलं तर पोरांना घेऊन या. ताई, तुमच्याकडं तर कापूस दारातच आहे. वेचणीच्या दिवसांत सरकी काढून, एका बोंडात किती निघतात ते पोरांना मोजू द्या.


संत्राबाग_वरुड
सोमवार, दुपारी ३:४०

एक व्यावहारिक प्रश्न. आमच्याकडं शाळा चार किलोमीटर, लेकरू सहा वर्षांचं. कायमचंच घरी शिकवता येते का? कायद्यानं चालते?


गुर्जी_दुशिक्षकी
सोमवार, रात्री ९:००

वरुडवाले दादा, ६ ते १४ वयाच्या लेकराला जवळच्या शाळेत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे, अन् ते शाळेत दाखल व्हावं ही पालकांवरही जबाबदारी आहे. आधी त्या हक्कावर बोट ठेवा. शाळा लांब असेल तर प्रवासाच्या सोयीसाठी शाळा व्यवस्थापन समितीत अन् पंचायत समितीत अर्ज द्या. घरी शिकलेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पाचवी अन् आठवीच्या बरोबरीचे तीन स्तर आहेत, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, अन् दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. पण माझा सल्ला, नाव शाळेतच असू द्या. मध्येच शाळेत यायचं झालं तर वयाप्रमाणे वर्ग मिळतो, ही त्याच कायद्यातली सोय लक्षात ठेवा. अन् पुस्तकं पाहिजे असतील तर बालभारतीची सगळी पुस्तकं मोबाईलवर फुकट उतरवता येतात.


निंदणवाली
सोमवार, रात्री ९:५५

मी या साऱ्यात थोडी वेगळी बाई आहे. मजुरीनं निंदणाला जाते, सकाळी आठला घर सोडते, सहाला परत. माझी पोट्टी पहिलीत. माझ्यासाठी शाळा बंद म्हणजे तिची दुपारची खिचडी बंद, अन् दिवसभर पाहाणारं कोणी नाही. तुमच्या घरी आजी आहे, आबाजी आहे, शिकलेली आई आहे. मी सातवी. घरी शिकवणं हे ज्याच्या घरी माणूस आहे त्याचं काम, असं मला वाटते. रागानं नाही म्हणत, खरं म्हणते.


पऱ्हाटी
सोमवार, रात्री १०:३०

ताई, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, अन् ते मी माझ्या लिहिण्यात आणायला पाहिजे होतं. पावसानं शेत बंद होतं म्हणून मी घरी होते, नाहीतर मलाही जमलं नसतं. शाळा पाहिजेच, खिचडी पाहिजेच. आज आम्ही वस्तीतल्या बायांनी मिळून ग्रामपंचायतीत अर्जही दिला, की रपट्याच्या जागी उंच पूल बांधा. दर पावसाळ्यात लेकरांचे दिवस बुडतात.

पण तुम्ही सातवी शिकलात ना? मी जे केलं त्याला सातवी भरपूर झाली. पोट्टी बोलते ते तसंच्या तसं लिहायचं. शुद्ध-अशुद्ध पाहायचंच नाही. दिवसाला दोन ओळी. चुलीसमोर बसून होते.


झाडीपट्टी
मंगळवार, सकाळी ६:४५

भंडाऱ्याहून. आमच्या झाडीबोलीत ळ नाहीच, ण पण नाही. तुमच्याकडं डोया, आमच्याकडं डोरा. आमच्या लेकरांच्या जोड्या तुमच्यापेक्षा जास्त निघतील. गुर्जींची दोन पानांची रीत आज शाळेत करून पाहते, मी तिसरीला शिकवते.


पऱ्हाटी
बुधवार, संध्याकाळी ७:१०

मंडळी, काल मुरूम टाकून रपटा चालता झाला. धाकटी कॅलेंडरचं पान गुंडाळी करून शाळेत घेऊन गेली, मी सांगितलं नव्हतं. मॅडमनी ते वर्गात वाचायला लावलं. आल्यावर म्हणते, "सगळ्याईले समजलं." मॅडमनी उद्या सगळ्यांना घरच्या जनावरावर लिहून आणायला सांगितलं आहे, जसं बोलता तसं.


निंदणवाली
गुरुवार, रात्री ९:३०

पऱ्हाटीताई, काल चुलीसमोर केलं. मोबाईलच्या उजेडात लिहिलं, मधी लाईन गेली होती. सातवीनंतर पेन धरला नव्हता, हात थरथरत होता, तर पोट्टी म्हणे, "हळू लिही आई, मी थांबते." पाच ओळी झाल्या. पहिली ओळ इथं लिहिते, तिनंच सांगितलं ताईले पाठव म्हणून:

"माही आई निंदाले जाते तवा मी शाळेतून आली की तिची वाट पाह्यते."

आज तिनं ती एकटीनं वाचली.